मान, मोबाईल आणि मन : एका साखळीची झडती

जून २०१९मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांनी एक बातमी छापली : मोबाईलच्या अतिवापरामुळे तरुणांच्या कवटीला मागच्या बाजूने शिंगे फुटू लागली आहेत. बातमी भारतातही आली आणि व्हॉट्सॲपवरून घरोघर पोचली. तिच्या मुळाशी ऑस्ट्रेलियातील 'युनिव्हर्सिटी ऑफ द सनशाइन कोस्ट'मधल्या डेव्हिड शहार आणि मार्क सेयर्स यांचा शोधनिबंध होता. 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात तो २०१८ साली प्रसिद्ध झाला होता. १,२०० माणसांच्या मानेचे एक्स-रे तपासून लेखकांनी म्हटले होते की, कवटीच्या मागच्या बाजूला जो हाडाचा उंचवटा सर्वांनाच असतो, तो तरुणांमध्ये वयस्कांपेक्षा अधिक वाढलेला दिसतो. याचे कारण मान पुढे झुकवून बसणे असावे, आणि त्यामागे हातातली उपकरणे असावीत, असा त्यांचा तर्क होता.

तर्क करायला हरकत नाही. पण ज्यांचे एक्स-रे तपासले त्यांच्यापैकी कोण किती वेळ मोबाईल वापरतो, हे या अभ्यासात मोजलेलेच नव्हते. म्हणजे ज्या गोष्टीमुळे शिंगे फुटली असे जगाने वाचले, तिची नोंदच मूळ वहीत नव्हती. पुढे पत्रकारांनी आणखी एक गोष्ट शोधून काढली. शहार हे स्वतः कायरोप्रॅक्टर होते, आणि शरीराचा बाक सुधारण्यासाठीची उशी विकण्याशी त्यांचा संबंध होता. निबंधात हे नमूद नव्हते. नंतर नियतकालिकाला दुरुस्ती छापावी लागली. बातमी ज्या वेगाने गेली होती, त्या वेगाने दुरुस्ती अर्थातच गेली नाही.

मला या प्रकरणात फजितीपेक्षा त्याच्या घडणीत रस आहे. स्क्रीन, मान आणि तरुण पिढीची बिघडलेली तब्येत हे तिन्ही एका गोष्टीत गुंफणारा माणूस मणके बसवणारा होता, हा योगायोग वाटत नाही. गेल्या दहाएक वर्षांत या विषयावर जे लेखन, जी व्याख्याने आणि जे छोटे व्हिडिओ आपल्यापुढे येतात, त्यांत एक ठरलेली साखळी दिसते. स्क्रीनमुळे मान वाकते, वाकलेल्या मानेमुळे नसा दबतात, दबलेल्या नसांमुळे मेंदूचे काम बिघडते, मेंदू बिघडला की मन उदास होते. म्हणून मणके बसवून घ्या, मन ताळ्यावर येईल. प्रस्तुत लेख म्हणजे या साखळीच्या एकेका कडीची झडती आहे.

मी डॉक्टर नाही. शिक्षण वाणिज्य शाखेचे, आणि नोकरी एका पतसंस्थेत हिशेब लिहिण्याची. वैद्यकातले शोधनिबंध वाचायला मी चाळिशीनंतर, शब्दकोश शेजारी ठेवून शिकले. त्यासाठी लागणारे संख्याशास्त्र जुन्या पाठ्यपुस्तकांतून. त्यामुळे माझी पद्धतही हिशेबनिसाचीच आहे. वहीत नोंद दिसली की तिच्यामागचे व्हाउचर मागायचे. व्हाउचर कितीचे, कोणाच्या नावाचे आणि कोणत्या तारखेचे, ते पाहायचे. नोंद पाच हजारांची आणि व्हाउचर पन्नासचे असेल, तर नोंद करणारा कितीही भला असला तरी ती मान्य करता येत नाही.

डॅव्हनपोर्टचा बहिरा माणूस

कायरोप्रॅक्टिकचा जन्म अमेरिकेतील आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीकाठच्या डॅव्हनपोर्ट गावी झाला. डॅनिएल डेव्हिड पामर हा मूळचा कॅनडाचा माणूस तेथे 'चुंबकीय उपचार' करीत असे. सप्टेंबर १८९५मध्ये त्याने इमारतीची झाडलोट करणाऱ्या हार्वी लिलार्ड या कृष्णवर्णीय माणसाच्या पाठीचा एक मणका दाबून 'जागेवर' बसवला, आणि त्याचे हरवलेले ऐकू येणे परत आले, अशी ही मूळकथा आहे. लिलार्डच्या मुलीने पुढे वेगळीच हकीकत सांगितली. तिच्या सांगण्यानुसार पामरने गमतीत पाठीवर पुस्तक मारले होते. हकीकत कोणतीही खरी धरली, तरी एक अडचण उरतेच. ऐकण्याची मज्जातंतू कानाच्या आतल्या भागातून थेट मेंदूकडे जाते. पाठीच्या मणक्यांतून तिचा रस्ताच नाही.

पामरने १८९७ साली शाळा काढली. १९१०च्या ग्रंथात त्याने शेकडा ९५ आजारांचे मूळ सरकलेल्या मणक्यात असल्याचे मांडले. सरकलेला मणका नसेवर दाब आणतो आणि शरीरातली 'उपजत प्रज्ञा' अडते, अशी त्याची कल्पना होती. या सरकण्याला त्या पंथात 'सबलक्झेशन' म्हणतात. त्या शब्दाची आपल्याला गरजही नाही, कारण 'मणका सरकलाय' आणि 'नस दबलीय' ही दोन वाक्ये प्रत्येक मराठी घरात तयारच असतात. पामरची कल्पना आपल्याला चटकन पटते, याचे हे एक कारण असावे.

मनाच्या आजारांवरचा दावाही आजचा नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॅव्हनपोर्टमध्ये मनोरुग्णांवर कायरोप्रॅक्टिक उपचार करणारी आरोग्यगृहे चालत होती. प्रसारमाध्यमांशी असलेले सख्यही जुनेच. पामरचा मुलगा बी. जे. याने १९२२मध्ये रेडिओ केंद्र विकत घेतले. त्याचे नाव डब्ल्यूओसी, आणि त्याचा लोकांनी लावलेला विस्तार 'वंडर्स ऑफ कायरोप्रॅक्टिक'. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन १९३२मध्ये याच केंद्रावर निवेदक म्हणून लागले होते. आज मान कडकन वाजवल्याचे व्हिडिओ लाखो लोक पाहतात, त्याची परंपरा अशी शंभर वर्षांची आहे. स्क्रीनच्या दुष्परिणामांवरचा हा उपाय आपल्यापर्यंत येतो तो बहुधा स्क्रीनवरूनच.

त्या 'कडक' आवाजाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. तो हाड जागेवर बसल्याचा आवाज नव्हे. सांध्यातल्या द्रवात झटक्याने पोकळी तयार होते, तिच्याशी या आवाजाचा संबंध आहे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली बोटे मोडताना चुंबकीय प्रतिमा घेऊन हे दाखवले. ब्रिटनमधल्या कायरोप्रॅक्टरांच्या नियामक संस्थेनेही २०१०मध्ये सांगून टाकले की, सबलक्झेशन ही ऐतिहासिक संकल्पना आहे, आणि ते आजाराचे कारण आहे असा दावा करण्याइतका पुरावा नाही. हे विरोधकांनी म्हटलेले नाही, त्यांच्याच घरच्या संस्थेने म्हटलेले आहे.

सत्तावीस किलोंचे ओझे

आता पहिली कडी : स्क्रीन आणि मान. 'टेक्स्ट नेक' हा शब्द रूढ केला तो फ्लोरिडातल्या एका कायरोप्रॅक्टरने. त्याला आकड्याचे बळ मिळाले २०१४मध्ये. न्यूयॉर्कचे मणक्यांचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी गणित मांडले : डोके सरळ असताना मानेवर साधारण पाच किलोंचा भार असतो, आणि मान ६० अंशांत झुकवली की तो सुमारे २७ किलो होतो. हा आकडा मानेवर मूल लटकल्याच्या चित्रासह जगभर फिरला.

गणित म्हणून यात गैर काही नाही. तोललेली वस्तू पुढे झुकली की तिला धरून ठेवणाऱ्या स्नायूंवर ताण वाढणारच. मात्र हे संगणकावरचे प्रतिमान होते. त्यात हाडामांसाची माणसे नव्हती. भार वाढतो एवढेच ते सांगते. त्यामुळे किती जणांची मान दुखते, कोणाला इजा होते, हे त्यातून कळत नाही. ते कळायला माणसेच तपासावी लागतात. ब्राझीलमध्ये रिओ द जानेरोत १८ ते २१ वयाच्या १५० तरुणांची अशी पाहणी झाली आणि ती २०१८मध्ये प्रसिद्ध झाली. मोबाईल पाहताना मान झुकवण्याची सवय आणि मानदुखी यांत तिला संबंध सापडला नाही. पाहणी लहान आहे, तिने प्रश्न निकालात निघत नाही. पण सत्तावीस किलोंचे चित्र पाहून आपण जो निष्कर्ष मनात काढला होता, तो इतका उघड नाही, हे तिने दाखवले.

शिवाय मान खाली घालून तासन्‌तास काम करणे मोबाईलबरोबर जन्माला आलेले नाही. सोनार, शिंपी, कारकून, विडी वळणाऱ्या बाया, तांदूळ निवडणाऱ्या आज्या, पोथी वाचणारे आजोबा या सर्वांच्या माना झुकलेल्याच असत, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या दुखतही असत. पण त्यांच्या उदासीचे खापर कोणी मानेवर फोडले नव्हते.

मेंदूची मोहोर

तिसरी कडी सर्वांत चमकदार आहे. मणके बसवल्याने मेंदूच्या पुढच्या भागाचे, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचे काम बदलते, हे 'सिद्ध' झाल्याचे अनेक जाहिरातींत वाचायला मिळते. एकाग्रता, निर्णय आणि भावनांवरचा ताबा यांत हाच भाग महत्त्वाचा असल्यामुळे पुढचे वाक्य वाचक स्वतःच पूर्ण करतो.

याचे व्हाउचर मी काढून पाहिले. ते २०१६ सालचे, 'न्यूरल प्लॅस्टिसिटी' या नियतकालिकातले आहे. न्यूझीलंडच्या कायरोप्रॅक्टिक महाविद्यालयातील हायडी हाविक आणि डेन्मार्कमधील सहकारी यांनी १९ जणांवर हा प्रयोग केला. मनगटाजवळच्या मज्जातंतूला सौम्य विजेचा झटका द्यायचा, आणि डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडांनी मेंदूचा प्रतिसाद टिपायचा. मणक्यांच्या उपचारानंतर या प्रतिसादातल्या एका लाटेची उंची सरासरी १७ टक्क्यांनी कमी झाली, आणि तो फरक प्रीफ्रंटल भागातला असावा असे गणिताने निघाले.

प्रयोग प्रामाणिकपणे केलेला आहे, असेच मी धरून चालते. पण त्यात मोजले काय? मनगटाच्या झटक्याला मेंदूने उपचारानंतर लगेच दिलेला प्रतिसाद. मनःस्थिती, झोप, उदासी यांतले काही नाही. महिन्याभराने ती लाट कोठे होती, तेही नाही. एकोणीस माणसांच्या एका लाटेचे हे व्हाउचर 'मन प्रसन्न होते' या नोंदीला लावले जाते, तेव्हा हिशेब जुळत नाही.

'मेंदूत बदल होतो' हे विधान खोटे नाही. अडचण अशी की ते जवळपास सगळ्याच बाबतीत खरे आहे. गरम पाण्याने अंघोळ केली, तबल्याचा रियाज केला, शेजारणीशी भांडण झाले, तरी मेंदूत बदल होतोच. बदल झाला हे सांगून भागत नाही. त्या बदलाने माणसाच्या जगण्यात काय फरक पडला, ते दाखवावे लागते.

हीच युक्ती स्क्रीनच्या विरोधकांकडेही आहे. तेथे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या जागी डोपामाइन येते. व्हिडिओ गेम खेळताना मेंदूत डोपामाइन स्रवते, हे लंडनमध्ये १९९८ साली आठ पुरुषांवरच्या प्रयोगात दिसले. तेव्हापासून प्रत्येक पालकसभेत डोपामाइनचे नाव निघते. पण आवडीचे जेवण किंवा आवडते गाणे यांनीही डोपामाइन स्रवते. एका बाजूला मणके बसवणारे आणि दुसऱ्या बाजूला स्क्रीनला शिव्या देणारे, दोघेही 'मेंदू' हा शब्द मोहोरेसारखा वापरतात. कागदावर मोहोर उमटली की मजकूर वाचायचे कोणाला सुचत नाही. या सगळ्या लेखनावर माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

स्क्रीनचा खरा हिशेब

मग स्क्रीन निर्दोष आहे काय? तसे म्हणणे हाही आळस ठरेल. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९मध्ये ३,५५,३५८ किशोरवयीनांची माहिती तपासली. मुलामुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला फार तर ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो, असे त्यांना आढळले. तुलनेसाठी त्यांनी त्याच माहितीतून बटाटे नियमित खाण्याचा संबंध काढला. तो जवळपास तेवढाच निघाला. अर्थात ही सरासरी आहे. सरासरीत एखाद्या मुलीला रात्रभर समाजमाध्यमावर होणारा छळ दिसत नाही, आणि गावापासून दूर एकट्या राहणाऱ्या मुलाला त्याच मोबाईलने दिलेला आधारही दिसत नाही.

झोपेच्या बाबतीत पुरावा अधिक ठोस आहे. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १२ जणांनी काही रात्री झोपण्यापूर्वी उजळ पडद्यावर आणि काही रात्री छापील पुस्तक वाचले. पडद्यावर वाचलेल्या रात्री झोप लागायला सुमारे दहा मिनिटे अधिक लागली, झोप आणणारे मेलाटोनिन घटले, आणि सकाळी जडपणा राहिला. माणसे थोडी होती, पण जे सांगायचे तेच मोजले होते. दुसरा प्रयोग अर्थशास्त्रज्ञांचा. त्यांनी लोकांना पैसे देऊन २०१८मध्ये चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. त्यांचे दिवसाला सरासरी ६० मिनिटे वाचले, त्यातला काही वेळ घरच्या माणसांत गेला, आणि त्यांनी स्वतः सांगितलेले समाधान थोडे वाढले. थोडेच, पण खरोखर वाढले.

म्हणजे स्क्रीनपासून मनाकडे जाणारा रस्ता आहे, तो मानेच्या मणक्यांतून मात्र जात नाही. तो हुकलेल्या झोपेतून, न झालेल्या गप्पांतून आणि रात्री एकला पाहिलेल्या इतरांच्या सुखातून जातो. तेथे मणके बसवून काही दुरुस्त होण्यासारखे नाही.

जमेची बाजू

हिशेब एकतर्फी होऊ नये म्हणून जमेची बाजूही लिहिते. जुनाट कंबरदुखीवर मणक्यांचा हस्तोपचार चालतो. 'बीएमजे'मध्ये २०१९ साली ४७ चाचण्या आणि ९,२११ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. इतर मान्य उपचारांइतकाच, म्हणजे व्यायामाइतकाच, त्याचा उपयोग दिसला. दुखणे आणि उदासी एकमेकांना वाढवतात, हेही पक्के आहे. त्यामुळे कंबर हलकी झालेल्या माणसाचे मन हलके झाले, तर नवल नाही. त्यासाठी प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला साक्षीला बोलावण्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट आहे. उपचार करणारा माणूस वीस मिनिटे आपला फोन बाजूला ठेवून तुमच्याकडे लक्ष देतो, विचारपूस करतो, पाठीवर हात ठेवतो. आजच्या दिवसात हे थोडे नाही. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून त्याचा पाय पाठीला लावून घेत. त्यातही स्पर्श होता, चार माणसांची चौकशी होती. पण पायाळू माणूस उसणीपुरताच पाय लावी. तुझी उदासीही जाईल, असे तो सांगत नसे.

धोक्याचीही नोंद हवी. मानेला झटका दिल्यानंतर मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय लेखनात आहेत. ती विरळ आहेत, आणि काही रुग्ण आधीच फाटू लागलेल्या धमनीची मानदुखी घेऊनच उपचाराला गेले असावेत, हा वादही चालू आहे. तरी केवळ मन उदास आहे म्हणून मानेला झटका घेणे, किंवा न्हाव्याच्या खुर्चीत हौसेने मान मोडून घेणे, यात थोडाही धोका का पत्करावा, याचे उत्तर मला मिळालेले नाही.

पणाला काय लागले आहे

माझ्या नात्यातला एक एकोणीस वर्षांचा मुलगा पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करीत होता. मान दुखते, अभ्यासात लक्ष लागत नाही, कशातच गोडी वाटत नाही, असे तो घरी सांगू लागला. घरच्यांनी निदान केले : मोबाईल. मामाने एक व्हिडिओ पाठवला, आणि मुलाला मणके बसवणाऱ्याकडे नेण्यात आले. दहा बैठका झाल्या. मान खरोखरच सुधारली. उपचार करणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्याकडे मान आणली होती, त्याने मान पाहिली.

पण मुलगा पहाटे तीनला जागा होत होता, डबा तसाच परत जात होता, मित्रांचे फोन तो उचलत नव्हता. हे कोणी विचारले नाही, कारण उत्तर घरात आधीच येऊन बसले होते. चौथ्या महिन्यात त्याच्या मित्राच्या बहिणीने, ती परिचारिका आहे, सरळ विचारले, "जगावंसं वाटतं ना रे तुला?" तेव्हा तो बोलला. मानसोपचार सुरू झाले. आज तो बरा आहे. मधले चार महिने मात्र त्या साखळीच्या खात्यावर खर्ची पडले.

हे एका घरापुरते नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसले की, आपल्या देशात निरनिराळ्या मनोविकारांतल्या ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. जेथे मानसोपचारतज्ज्ञाच्या दाराशी जाणेच लाजिरवाणे समजतात, तेथे 'मन नाही, मान बिघडली आहे' या वाक्यात मोठा दिलासा असतो. मानेच्या आजाराला कोणी नावे ठेवत नाही. लग्नाच्या बाजारात मणका आड येत नाही. ही साखळी लोकप्रिय होण्यामागे अज्ञानापेक्षा हा दिलासा अधिक आहे, असे मला वाटते. म्हणूनच नुसते आकडे तोंडावर फेकून ती तुटायची नाही.

वाचकांनी माझ्यासारखे शोधनिबंध धुंडाळत बसावे, असे मी म्हणत नाही. दावा पुढे आला की चार प्रश्न विचारले तरी पुरेत : नेमके काय मोजले? किती माणसांत? कशाशी तुलना करून? आणि सांगणारा काय विकतो? मान दुखत असेल तर मानेचा इलाज करावा. व्यायाम, फिजिओथेरपी, हवा तर जाणत्या हाताचा उपचार. झोप जात असेल तर मोबाईल रात्री खोलीबाहेर ठेवावा. आणि घरातले कोणी दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास, गप्प, जेवणावरून उठणारे दिसले, तर कारण आपणच ठरवून मोकळे होण्याआधी त्याच्याशेजारी बसून त्यालाच विचारावे. पुढे काय करायचे ते सुचले नाही, तर सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.